अपघात विभागाच्या नोंदवहीतील आजाराचे खरे नाव

(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च, नव्या यंत्रसामग्रीची यादी आणि विभागवार रुग्णसंख्या आपल्या हाती असलेल्या अहवालात दिलेलीच आहे. तेच आकडे पुन्हा वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आज एका अशा आजाराविषयी बोलावयाचे आहे, जो अपघात विभागाच्या दारातून रोज आत येतो, पण नोंदवहीत सहसा स्वतःच्या नावाने उतरत नाही. तो आजार म्हणजे दारूचे व अन्य मादक पदार्थांचे व्यसन, आणि त्याच्या हातात हात घालून येणारी मनाची दुखणी.

आम्ही प्रशासनातील मंडळी मूळची हिशेबाची माणसे. खर्च चुकीच्या खात्यात टाकला तरी ताळेबंद जुळतो, हे आम्हांस ठाऊक आहे. बेरीज बरोबर येते. मात्र पैसा नेमका कशावर गेला हे कोणालाच कळत नाही, आणि म्हणून पुढील वर्षीही तो तसाच जात राहतो. कोणत्याही रुग्णालयाच्या अपघात विभागाची नोंदवही उघडून पाहावी. ‘पडून डोक्यास मार’, ‘पोटदुखी व उलट्या’, ‘फिट आली’, ‘रक्ताची उलटी’, ‘शुद्ध हरपली’ अशा नोंदी तेथे ओळीने दिसतात. यातील प्रत्येक नोंद खरी असते. डोके खरोखरच फुटलेले असते, रक्त खरोखरच पडलेले असते. टाके घातले जातात, सलाईन लावले जाते, रुग्ण घरी जातो आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या एखाद्या नावाखाली परत येतो. खाती निरनिराळी दिसतात, पण खर्च एकाच आजाराचा असतो.

आपला परिसर या बाबतीत इतरांहून निराळा आहे असे नाही. एकेकाळी काडेपेटीच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे अंबरनाथ, व्यापारपेठेचे उल्हासनगर आणि झपाट्याने वाढलेले बदलापूर ही तिन्ही गावे कारखान्यांच्या पाळ्यांवर आणि लोकलच्या वेळापत्रकावर चालतात. दिवसपाळी-रात्रपाळी, कंत्राटी काम, गर्दीतला रोजचा प्रवास आणि महिनाअखेरची ओढाताण यांतून कोणाला पेल्याची, कोणाला खोकल्याच्या औषधाची, तर कोणाला गल्लीत ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते. ही केवळ कामगार वस्तीची कहाणी नव्हे. इमारतीतील बंद दारांमागेही हीच कहाणी आहे. ती अधिक उशिरा बाहेर येते एवढेच. आषाढातील अवस आपल्या आजीच्या पिढीला दिव्यांची अवस म्हणून माहीत होती. आज तिचे ‘गटारी’ हे नाव अधिक लोकांच्या तोंडी आहे. त्या रात्री आणि ३१ डिसेंबरच्या रात्री कोणत्याही अपघात विभागाला जादा कर्मचारी नेमावे लागतात.

देशपातळीवरचे चित्र केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या पाहणीतून २०१९ मध्ये पुढे आले. १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात, आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, असे त्या अहवालात नमूद आहे. पण आम्हांस अंतर्मुख करणारा आकडा पुढचाच आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. उरलेले लोक डॉक्टरांना भेटतच नाहीत असे नव्हे. ते भेटतात, अनेकदा रात्री दोन वाजता, अपघात विभागात; पण दुसऱ्याच कारणासाठी.

आजाराचे नाव बदलून लिहिण्याची ही रीत जुनी आणि जगभरची आहे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाच्या एक जोगीण प्रवेश कक्षाचे काम पाहत असत. म्हणजे आजच्या भाषेत त्या आमच्याच खात्यातल्या. त्या काळी मद्यपी रुग्णाला रुग्णालये दारातूनच परत पाठवीत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. बॉब यांच्या विनंतीवरून १९३९ मध्ये सिस्टर इग्नेशियांनी एका मद्यपी रुग्णाला ‘जठरदाह’ या निदानाखाली दाखल करून घेतले. खाट मिळविण्यासाठी त्यांना आजाराचे नाव लपवावे लागले. पुढे त्याच रुग्णालयात अशा रुग्णांसाठी उघडपणे विभाग चालू लागला आणि हजारोंना आधार मिळाला. नाव लपविणे ही त्या काळाची अगतिकता होती. आज, इतक्या वर्षांनंतर, ते नाव का लपावे, हा आमचा प्रश्न आहे.

त्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण लाज. रुग्णाची पत्नी डॉक्टरांना सांगते, “ते घेत नाहीत,” कारण शेजारी दीर उभा असतो. दुसरे कारण भीती. नोकरी जाईल, पोलीस केस होईल, मुलीचे लग्न अडेल. तिसरे कारण पैसा. आणि ते आमच्या टेबलावर येते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळावयाच्या बाबींची प्रमाणित भाषा ठरवून दिली. त्यात बाराव्या क्रमांकाच्या कलमान्वये मद्य वा मादक पदार्थांच्या व्यसनावरील उपचार आणि त्यांचे परिणाम वगळण्याची मुभा कंपन्यांना आहे, आणि बहुतेक पॉलिसींमध्ये ते कलम असते. एकीकडे मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, त्याच कायद्याच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आणि दुसरीकडे पॉलिसीत मात्र हे कलम राहते. परिणामी केसपेपरवर खरे नाव लिहिले की दावा फेटाळला जाण्याची शक्यता वाढते, आणि बिलाचा भार त्याच कुटुंबावर पडतो, ज्याची मिळकत आधीच बाटलीत गेलेली असते. म्हणून नातेवाईक हात जोडून विनवतात, “साहेब, दारूचे लिहू नका.” त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु खोटी नोंद करणे कायद्याने आणि नीतीने शक्य नाही, आणि रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीनेही ते धोक्याचे आहे.

धोका कसा, हे वैद्यकीय सहकाऱ्यांनी आम्हांला समजावून सांगितले, ते आपल्यापुढे मांडतो.

एखाद्या कामगाराचा पाय मोडतो. तो दाखल होतो, शस्त्रक्रिया ठरते. रोज दारू घेतो हे कोणी सांगत नाही. दाखल झाल्यामुळे दारू आपोआप बंद होते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात, तो सलाईन उपटून पळू पाहतो, जवळच्या माणसांना ओळखत नाही. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा झाली; कोणी अंगारा आणतो. या अवस्थेस डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न झाल्यास ती प्राणावर बेतू शकते. दारूची माहिती पहिल्या तासात मिळाली असती, तर ठरावीक गोळ्या वेळीच सुरू करून हे सारे बव्हंशी टाळता आले असते. “शेवटची केव्हा घेतली?” हा एक प्रश्न म्हणूनच रक्तदाबाच्या नोंदीइतका महत्त्वाचा आहे.

दुसरे उदाहरण ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात त्याची तूट असते. नुसते ग्लुकोज चढवीत राहिल्यास ही तूट वाढून मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरणशक्ती जाऊ शकते. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबतच थायमिन देणे हा त्यावरचा उपाय, आणि ते इंजेक्शन अगदी स्वस्तात मिळते. मात्र ते द्यावे हे सुचण्यासाठी आजाराचे नाव आधी कळावे लागते.

याची उलट बाजूही आहे. तोंडाला वास येतो म्हणून ‘नशेत आहे, झोपू द्या’ असे म्हणणेही तितकेच घातक. डोक्यातील रक्तस्राव, रक्तातील साखर उतरणे, या गोष्टी बाहेरून नशेसारख्याच दिसतात. व्यसनी माणसाला हे सारे होण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. म्हणून वास आला तरी साखर तपासावी आणि डोके पाहावे, हा नियम आहे.

विषारी दारूचा प्रसंग तर महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिला. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलच्या विषबाधेत आरंभी केवळ मळमळ, पोटदुखी आणि डोळ्यांपुढे धूसरपणा एवढीच लक्षणे असू शकतात. दृष्टी आणि प्राण वाचविण्यासाठी हाती काही तासच असतात. त्या तासांत कुटुंबाने ‘काहीतरी बाहेरचे खाल्ले’ असे सांगितले, तर उपचाराची दिशाच चुकते.

स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करू पाहणाऱ्या रुग्णाबाबतही नावाचीच अडचण येते. ‘चुकून औषध प्यायली’ अशी नोंद करण्याचा आग्रह होतो, कारण पोलिसांची धास्ती. येथे आम्ही आपल्याला आश्वस्त करू इच्छितो. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा जुन्या दंडविधानातील कलम ३०९ ही गेले. आता लोकसेवकाला एखादे काम करण्यास भाग पाडण्यासाठी अथवा कामापासून रोखण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा गुन्हा ठरतो. रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते, हे खरे. पण ते कळविणे म्हणजे दुःखात बुडालेल्या माणसाला आरोपी करणे नव्हे.

त्याच कायद्याच्या कलम ९४ नुसार, जीव वा आरोग्य धोक्यात असताना कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक कोणत्याही आरोग्य संस्थेत ७२ तासांपर्यंत मानसिक आजारावर तातडीचे उपचार करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावयाची असते. कलम २३ माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन घालते. म्हणजे खरे नाव लिहिणे आणि ते चारचौघांत न उघडणे, या दोन्ही गोष्टींना कायद्याचा आधार आहे. आणि आपत्कालीन रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे, हे तर महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांवर मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेने घातलेले बंधनच आहे. तो रुग्ण दारू प्यालेला असला तरी त्याला अपवाद नाही.

नाव लिहिल्यानंतर पुढे काय, हा खरा प्रश्न. टाके घालून ‘व्यसनमुक्ती केंद्रात जा’ अशी चिठ्ठी हाती देणे सोपे आहे. चिठ्ठी खिशात विरते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्या ३२९ रुग्णांची पाहणी केली. ज्यांना केवळ पत्ता देऊन पाठविले, त्यांतील ३७ टक्के लोक महिन्याभरानंतर उपचार घेत होते. ज्यांचे औषध अपघात विभागातच सुरू केले, त्यांत हे प्रमाण ७८ टक्के होते. माणूस जेव्हा घाबरलेला, जखमी आणि शरमिंदा असतो, तेव्हाच तो ऐकण्याच्या स्थितीत असतो. ती घटका निसटली की पुन्हा सकाळ होते आणि पुन्हा गुत्ता उघडतो.

यासाठी प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञच हवा असेही नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. मानसिक आरोग्याचे पूर्वशिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा अभ्यास पूर्ण आहारी गेलेल्यांचा नव्हता, त्या वाटेवर असलेल्यांचा होता. पण आमच्या अपघात विभागात येणारे अनेक तरुण नेमके त्याच वाटेवर असतात. दहा टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो. दहा घरांच्या हिशेबात तो एका घरातील माणूस असतो.

या अनुभवांच्या आधारे आम्ही आमच्या अपघात विभागासाठी एक साधी कार्यपद्धती आखली आहे. प्रत्येक प्रौढ रुग्णाला, मग तो कोणत्याही वेशातला असो, नातेवाइकांपासून बाजूला घेऊन व्यसनाविषयी तेच प्रश्न त्याच शांत स्वरात विचारावयाचे. शेवटच्या सेवनाची वेळ केसपेपरवर लिहावयाची. थायमिन आणि दारू सुटतानाच्या त्रासावरील औषधे विभागातच तयार ठेवावयाची. रुग्ण शुद्धीवर आला की समुपदेशकाने पंधरा-वीस मिनिटे त्याच्याशी आणि नंतर स्वतंत्रपणे घरच्यांशी बोलावयाचे. पुढील केंद्राशी त्याच्यासमोर दूरध्वनी लावून तारीख ठरवावयाची आणि आठवड्याने आपणहून चौकशी करावयाची. रागावणे, उपदेश करणे आणि चारचौघांत ‘बेवडा’ म्हणणे यांस या पद्धतीत स्थान नाही.

पुढे पाठवावयाची ठिकाणे आहेत. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यात सुरू केलेले कृपा फाउंडेशन आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभे केलेले मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आणि कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट आहेत. तेथे शुल्क लागत नाही. मनाच्या कोणत्याही घालमेलीत १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. व्यसनासाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे.

मुक्तांगणाचा उल्लेख आम्ही येथे देणगीदारांसमोर हेतुपुरस्सर करीत आहोत. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचटांनी लिहिले; ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांच्या आर्थिक साहाय्यातून ते केंद्र उभे राहिले. व्यसनी माणसासाठी देणगी द्यावी, ही कल्पना आजही अनेकांना रुचत नाही. “स्वतःच्या करणीने आजारी पडलेल्यासाठी आम्ही का द्यावे?” असा प्रश्न आम्हांला विचारला गेला आहे. त्यावर आमचे नम्र उत्तर असे : मधुमेही पथ्य मोडतो, हृदयरोगी तंबाखू सोडत नाही, तरीही आपण त्यांना दारातून परत पाठवीत नाही. आणि व्यसनी रुग्णामागे उभ्या असलेल्या त्याच्या पत्नीने, आईने, शाळकरी मुलाने तर काहीच केलेले नसते.

म्हणून आपल्याकडे आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली देणगीदारांना. यंत्राला देणगीदाराचे नाव लागते, पाटी लागते. समुपदेशकाच्या पगाराला पाटी लावता येत नाही. तरीही या कामात सर्वांत मोठा खर्च माणसाचा आहे. औषधांचा अल्प आहे. रात्रपाळीतही समुपदेशक उपस्थित असावा, आणि केवळ खरे निदान लिहिले म्हणून ज्यांचा विमा दावा नाकारला गेला अशा कुटुंबांच्या बिलास हातभार लागावा, या दोन हेतूंसाठी स्वतंत्र निधी असावा असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. खरे बोलण्याची किंमत त्या कुटुंबाने एकट्याने मोजू नये, एवढाच त्यामागील विचार आहे. या निधीचा हिशेब वेगळ्या खात्यात ठेवून दरवर्षी अहवालात छापण्याची हमी आम्ही देतो.

दुसरी विनंती आनंदनगर आणि मोरिवली येथील कारखानदार मित्रांना. उपचारासाठी रजा मागणाऱ्या कामगाराला तेवढ्याच कारणाने कमी करू नका. नोकरी टिकेल ही खात्री असेल, तर तो अपघात विभागात खरे बोलेल. उपचार घेऊन परतलेला कुशल कामगार कारखान्यालाही नव्या माणसापेक्षा स्वस्त पडतो.

तिसरी विनंती रुग्णांच्या कुटुंबीयांना, विशेषतः आमच्या माताभगिनींना. अपघात विभागात डॉक्टर बाजूला घेऊन विचारतील, तेव्हा मोकळेपणाने सांगा. काय घेतले, किती घेतले, शेवटचे केव्हा घेतले. ती माहिती त्यांच्यापुरतीच राहील.

या प्रयत्नात प्रत्येक रुग्ण सुटेल असा दावा आम्ही करीत नाही. काही जण पुन्हा घसरतील, पुन्हा येतील. ते पुन्हा आले, तर आमच्या दृष्टीने तो पराभव नव्हे. दार उघडे असल्याचे त्यांना ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढील वर्षीच्या अहवालात विभागवार तक्त्यात एक नवे सदर आपल्याला दिसेल आणि त्यावर आजाराचे खरे नाव असेल. त्या सदरातील आकडा मोठा दिसला तर कृपया दचकू नये. तो आजार तेव्हा नव्याने आलेला नसेल; तो प्रथमच मोजला गेलेला असेल.